बाळ लहान होतं, बारीक नव्हतं

बाळ झाल्याचा फोन आला की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, आणि दुसरा हमखास, "वजन किती भरलं?" अडीच किलोच्या पुढचा आकडा ऐकला की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. दोन किलो दोनशे असं काही कानावर आलं, की "भरेल हो हळूहळू, अंगावरचं दूध पाजा" अशी समजूत घातली जाते. अडीच किलोचा हा उंबरठा जागतिक आरोग्य संघटनेचा. त्याखालचं बाळ 'कमी वजनाचं'. उंबरठा कामाचा आहे, कारण त्याखालच्या बाळांना सुरुवातीच्या दिवसांत धोका जास्त असतो. पण काटा नुसती बेरीज सांगतो. त्या अडीच किलोत हाड किती, स्नायू किती, यकृत केवढं आणि चरबी किती, याबद्दल तो गप्प असतो.

ही फोड करायला बसलेल्यांत पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आहेत. केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे डॉक्टर आणि संशोधक. मधुमेहाचा डॉक्टर बाळंतिणीच्या खोलीत काय करतोय, असं वाटणं साहजिक आहे. त्याचं उत्तर त्यांच्याकडे येणाऱ्या पेशंटांत होतं. विलायती पाठ्यपुस्तकांत टाइप २ मधुमेह हा वय झालेल्या, लठ्ठ माणसांचा आजार. पुण्यात मात्र समोर बसायचे ते तुलनेने तरुण, हातपाय काटकुळे, पोट तेवढं थोडं पुढे. पुस्तकाप्रमाणे यातल्या अनेकांना मधुमेह व्हायलाच नको होता.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत, लंडनचे जॉन युडकिन आणि आपले याज्ञिक. दोघांचाही बीएमआय, म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग, अगदी सारखा: २२.३. तक्त्यात बघितलं तर दोघंही झकास. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून छापणारा संशोधक मला आवडतो. पण खरा प्रश्न पुढचा आहे. ही लपलेली चरबी अंगात येते कधी? नोकरी लागून खुर्चीत बसायला लागल्यावर, की त्याच्या कितीतरी आधी?

थोडं मागे, इंग्लंडात

हा प्रश्न जन्मापर्यंत मागे नेण्याची हिंमत केली ती साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी. १९८६ मध्ये त्यांनी आणि क्लाइव्ह ऑस्मंड यांनी इंग्लंड-वेल्सची दोन चित्रं एकमेकांशेजारी ठेवली. एकात १९२१ ते २५ या काळात कुठे जास्त तान्ही मुलं दगावली ते, आणि दुसऱ्यात १९६८ ते ७८ मध्ये हृदयविकाराने कुठे जास्त माणसं गेली ते. दोन्ही चित्रं बरीचशी जुळली. म्हणजे ज्या भागांत पूर्वी बाळं जगत नव्हती, त्याच भागांत जगलेली बाळं मोठेपणी हृदयविकाराने जात होती. त्या काळी हृदयविकार हा खाऊनपिऊन सुखी असणाऱ्यांचा रोग मानला जाई, त्यामुळे हे गणित कुणालाच पटेना.

नकाशे जुळणं हा काही पुरावा नव्हे. माणसागणिक नोंद हवी होती, आणि ती सापडली हर्टफर्डशायर परगण्यात. १९११ पासून तिथल्या मुख्य आरोग्यसेविका एथेल मार्गारेट बर्नसाइड यांनी प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहून ठेवायची शिस्त घालून दिली होती. सुईण बाळाला काट्याला टांगायची, आकडा लिहायची. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्या वह्यांतली नावं शोधून, त्यांतलं कोण कशाने गेलं, हे बार्करांच्या माणसांनी तपासलं. पहिल्या वर्षाला वजन कमी भरलेल्या मुलग्यांत पुढे हृदयविकाराने जाण्याचं प्रमाण जास्त होतं. हयात असलेल्या, ६४ वर्षांच्या पुरुषांना साखरेचं पाणी पाजून रक्त तपासलं, तेव्हा जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून कमी भरलेल्यांपैकी ४० टक्क्यांची साखर बिघडलेली निघाली. सव्वाचार किलोच्या पुढच्यांत हेच प्रमाण १४ टक्के होतं.

पोटात असताना असं काय होत असावं? तंगीतलं घर डोळ्यांपुढे आणा. मिळकत अपुरी असली की घरातला शहाणा माणूस एक-दोन गोष्टींना हात लावू देत नाही, बाकी सगळीकडे कात्री लावतो. गर्भही तसंच करतो. रक्ताचा ओघ मेंदूकडे वळवतो, आणि यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड, स्नायू यांच्या वाट्याला कमी येतं. ही तडजोड त्या घडीला जीव वाचवते. अडचण अशी की यातली काही बांधकामं नंतर करता येत नाहीत. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माच्या सुमाराला जेवढ्या तयार झाल्या तेवढ्याच, पुढे आयुष्यभर त्यांत एकही नवी भर पडत नाही. स्नायूंचे धागेही बहुतेक जन्माआधीच मोजून मिळतात. आणि रक्तातल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. गिऱ्हाईक मुळातच कमी, इन्सुलिन बनवणारा कारखाना लहान, आणि पुढे तिसाव्या वर्षी मालाची आवक मात्र दुप्पट. मग साखर रक्तात साठून राहणारच.

सहा गावं

बार्करांच्या वह्यांत एक मोठी उणीव होती. बाळाचं वजन होतं, पण आईने गरोदरपणी काय खाल्लं, किती कष्ट केले, याचा एक शब्द नव्हता. ती उणीव भरून काढायला १९९३ मध्ये याज्ञिक, साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. भाग अवर्षणप्रवण, शेतीवर जगणारा.

या अभ्यासाची सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे त्याने बायका गरोदर राहायची वाट पाहिली. अडीच हजारांच्या आसपास विवाहित बायकांची आधीच नोंद केली, आणि मग कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन पाळीची तारीख विचारून लिहू लागल्या. बाहेरून साधं दिसतं, पण हे काम किती चिवट आहे याचा विचार करा. गावात, चुलीपाशी बसून, सासूच्या देखत, महिन्यामागून महिने हाच प्रश्न विचारायचा. त्यामुळे झालं असं की कोण किती आठवड्यांची गरोदर हे अंदाजाने नव्हे, तारखेने कळलं. मग १८व्या आणि २८व्या आठवड्याला आहार, कष्ट, रक्त, सगळ्याची मोजणी. आणि बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत त्याच्या अंगाची मापं.

सरासरी आई दीडशे सेंटिमीटरच्या जरा वर उंच, वजनाने बेचाळीस किलोच्या आसपास, बीएमआय १८. दिवसाला साधारण १८०० उष्मांकांचं जेवण आणि अंगमेहनत भरपूर. पूर्ण दिवसांच्या बाळाचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. म्हणजे आठशे ग्रॅमचा फरक.

इथवर अपेक्षित होतं तेच. नवल घडलं ते पुढे. बाळाच्या पाठीवर, खवाट्याच्या हाडाखाली, कातडीची चिमट एका मोजमापाच्या चिमट्यात धरतात. त्याला कॅलिपर म्हणतात. मिलिमीटरात येणारा तो आकडा म्हणजे कातडीखालची चरबी. पुण्याच्या बाळांचा पोटाचा घेर इंग्रज बाळांपेक्षा फार कमी होता, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव लहान. दंडही बराच बारीक, म्हणजे स्नायू कमी. डोकं थोडं लहान. पण पाठीवरच्या त्या चिमटीत फरक अगदी जुजबी. आठशे ग्रॅम कमी पडले ते जवळजवळ सगळे अवयवांतून आणि स्नायूंतून कापले गेले होते. चरबी बरीचशी शाबूत. बाळ लहान होतं, बारीक नव्हतं. वेगळ्या एका तपासणीत नाळेतल्या रक्तातलं इन्सुलिनही पुण्याच्या बाळांत जास्त आढळलं. फोटोतला तो २१.२ टक्क्यांचा हिशेब खुर्चीत बसण्याच्या खूप आधी, पाळण्यात सुरू झालेला होता. २००३ साली छापलेल्या या निष्कर्षाला इंग्रजीत 'थिन-फॅट इंडियन बेबी' असं नाव पडलं. मराठीत त्याला 'काटकुळं पण चरबीदार' म्हणता येईल, जरी ऐकायला विचित्र वाटलं तरी.

आईच्या आहाराचा हिशेब आणखी बोलका निघाला. "आता दोन जिवांचं खा" म्हणून ताटात वाढलेल्या जास्तीच्या उष्मांकांचा किंवा प्रथिनांचा बाळाच्या मापांशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, फळं आणि दुधाशी. हे पदार्थ वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं भरलेली होती. गरोदरपणी जड कामं करणाऱ्यांची बाळं लहान होती. पोट भरणं वेगळं आणि बाळाच्या बांधकामाला लागणारा बारीकसारीक माल मिळणं वेगळं.

टाचण्या

हा बारीकसारीक माल म्हणजे काय, हे कळायला पुन्हा एकदा युरोपात जावं लागेल. १९४४-४५च्या हिवाळ्यात नाझी फौजांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणशी शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्या खाली गेला. मे १९४५ मध्ये सुटका झाली आणि लोक पुन्हा नीट जेवू लागले. दुष्काळाला अशी सुरुवात आणि शेवटाची तारीख क्वचितच असते. त्यामुळे कोणतं बाळ कितव्या महिन्यात उपाशी राहिलं हे नेमकं सांगता येतं. दुष्काळाच्या ऐन भरात गर्भ राहिलेल्यांचं रक्त साठ वर्षांनी तपासलं आणि त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी ताडून पाहिलं. वाढीशी संबंधित आयजीएफ-२ नावाच्या जनुकावरच्या खुणा वेगळ्या निघाल्या. जनुक बदललेलं नव्हतं, खुणा बदलल्या होत्या.

जनुकं म्हणजे एक जाडजूड वही समजा. प्रत्येक पेशीत वही तीच. पण यकृताच्या पेशीने काही पानं वाचायची, मेंदूच्या पेशीने दुसरी. नको ती पानं टाचणी लावून बंद केलेली असतात. मिथाइल नावाचे रासायनिक कण हे टाचणीचं काम करतात. गर्भाच्या सुरुवातीच्या दिवसांत ही टाचण्या मारायची मोठी मोहीम चालते, आणि तेव्हा लागलेल्या काही टाचण्या जन्मभर तशाच राहतात.

आता गंमत बघा. या टाचण्यांचा पुरवठा ज्या साखळीतून होतो, तिचे दोन महत्त्वाचे गडी म्हणजे फोलेट आणि बी-१२ जीवनसत्त्व. फोलेट पालेभाज्यांत, डाळींत असतं. बी-१२ मात्र वनस्पतींत जवळजवळ नसतंच. ते जिवाणू बनवतात आणि आपल्याला मिळतं ते दूध, अंडी, मांस, मासे यांतून. शाकाहारी घर आणि त्यात दूध बेताचं, की बी-१२ कमी पडलंच. सहा गावांतल्या गरोदर बायकांत फोलेटची कमतरता जवळपास नव्हती. बी-१२ मात्र साठ टक्क्यांहून जास्त जणींत कमी होतं. पुढे त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. ज्यांच्या आईचं गरोदरपणी फोलेट जास्त होतं, त्या मुलांत चरबी जास्त होती. आणि आईचं फोलेट जास्त पण बी-१२ कमी, अशा जोडीची मुलं इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होती. दोन गड्यांपैकी एकालाच खुराक दिला की साखळी अडते, असा याचा ढोबळ अर्थ.

हे वाचून कुणी फोलिक आम्लाच्या गोळ्या फेकून देऊ नयेत. गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेतल्याने बाळाच्या मणक्यातली, मेंदूतली जन्मजात व्यंगं टळतात, हे १९९१ मध्येच पक्क्या प्रयोगाने सिद्ध झालंय. याज्ञिकांच्या कामातून पुढे येते ती गोष्ट इतकीच की फोलिक आम्लाबरोबर बी-१२कडेही बघायला हवं. शाकाहारी असाल आणि दिवस जायचा विचार असेल, तर डॉक्टरांना बी-१२बद्दल विचारायला काही हरकत नाही.

दुसऱ्या बाजूचा खड्डा

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग आईला भरपूर खाऊ घालावं, बाळ चांगलं चार किलोचं होऊ द्यावं. तिथे दुसरा खड्डा आहे. आईची रक्तशर्करा वाढलेली असेल तर ती साखर वारेतून सरळ बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन तिकडे जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतः जास्तीचं इन्सुलिन बनवतं आणि ते बाळाला चरबी चढवतं. अशा बाळांनाही पुढे मधुमेहाचा धोका असतो. म्हणून भारतात गरोदरपणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात. १४० किंवा त्यापुढे आली, तर तो गरोदरपणातला मधुमेह.

हे दोन खड्डे एकमेकांना जोडलेले आहेत. पोटात असताना उपाशी राहिलेली मुलगी जन्मतः लहान, पण चरबी राखून. तिचं लहानपण बेताचं, मग शहर, बैठं काम, वजन वाढलेलं. तिच्या गरोदरपणात साखर वाढते आणि तिच्या बाळाला आता उपाशीपणाऐवजी जास्तीची साखर मिळते. आजी कुपोषित, आई मधुमेही, नातवंड गुटगुटीत आणि तेही मधुमेहाच्या वाटेवर.

दिल्लीत १५०० जणांचा जन्मापासून तिशीपर्यंत माग काढणाऱ्या अभ्यासात, २००४ साली, याचीच मधली कडी दिसली. पंचविशी-तिशीत साखर बिघडलेली माणसं लहानपणी लठ्ठ नव्हतीच. पहिल्या दोन वर्षांत ती बारीक होती, आणि नंतर मात्र त्यांचा बीएमआय भराभर चढत गेला होता. म्हणजे चारचौघांत जे 'बाळसं धरलं' म्हणून कौतुकाचं असतं, ते कधी, किती वेगाने धरलं यालाही अर्थ आहे.

पुण्याच्या सहा गावांतली मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापैकी २९ टक्क्यांची साखर बिघडलेली निघाली, बहुतेकांची मधुमेहाच्या आधीच्या पायरीवर. ही शहरातली जंकफूड खाणारी पोरं नव्हेत, आणि लठ्ठ तर नव्हेतच.

यावर किती विश्वास ठेवायचा? शंका घेणारे पहिल्यापासून आहेत आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. लहान बाळं गरीब घरांत जास्त जन्मतात, आणि गरिबी पुढेही पाठ सोडत नाही. मग दोष पोटातल्या दिवसांचा की नंतरच्या परिस्थितीचा? इंग्लंडच्या अँड्र्यू हॅटर्सली यांनी वेगळाच मुद्दा काढला. ग्लुकोकायनेज या जनुकात बिघाड घेऊन येणारं बाळ जन्मतः सुमारे अर्धा किलो हलकं असतं आणि त्याची साखरही जास्त राहते. म्हणजे कधीकधी कमी वजन आणि मधुमेह दोन्ही एकाच जनुकाची देणगी असू शकते. माझ्या मते डच दुष्काळातली भावंडांची तुलना ही अशा शंकांसमोर सगळ्यात टिकणारी गोष्ट आहे. पण प्रत्येक मधुमेह पोटातूनच येतो असं कुणी सांगू लागलं, तर ते संशोधन नव्हे, भाकीत झालं.

आणि आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा मोह तर अजिबात नको. १५२ सेंटिमीटर उंचीची आई त्या उंचीला नऊ महिन्यांत आलेली नाही. ती उंची तिच्या स्वतःच्या लहानपणी ठरली, तिच्या आईच्या पोटात ठरायला लागली. शिवाय मुलीच्या बीजांडांची सगळी रास ती स्वतः गर्भात असतानाच तयार होते. तुम्ही ज्या बीजांडातून आलात ते एकेकाळी तुमच्या आजीच्या पोटात होतं. एका गरोदरपणातल्या ताटावर हा सगळा हिशेब ढकलणं अन्यायाचं आहे.

प्रयोग करून पाहिल्यावरही हेच दिसलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून साडेसहा हजार बायकांवर मोठा प्रयोग झाला. पालेभाजी, फळं, दूध घालून केलेला रोजचा एक खाऊ, गर्भ राहायच्या आधीपासून. सरसकट पाहिलं तर बाळांचं वजन म्हणण्यासारखं वाढलं नाही. दिवस जायच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ सुरू असलेल्यांत सरासरी ४८ ग्रॅम वाढ, आणि तीही मुळात अंगाने बऱ्या असलेल्या बायकांच्या बाळांत जास्त. अगदी किडकिडीत आयांच्या बाळांना फायदा झालाच नाही. मात्र गरोदरपणातला मधुमेह १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आला. काटा पुन्हा गप्प राहिला आणि रक्त बोललं.

त्या सहा गावांत आता तिसरी पिढी मोजली जातेय. १९९३ नंतर जन्मलेली ती बाळं वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांतल्या काही मुला-मुलींना बी-१२च्या (नुसत्या किंवा इतर पोषकद्रव्यांसह), तर काहींना तुलनेसाठी औषध नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या, लग्नाच्या आणि गरोदरपणाच्या कितीतरी आधी. बी-१२ दिवसाला दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे साखरेच्या एका दाण्याहूनही कितीतरी कमी. नुसतं बी-१२ घेतलेल्या मुलींची बाळं दोन वर्षांची झाल्यावर मानसिक विकासाच्या चाचणीत, गोळीत औषध नसलेल्या मुलींच्या बाळांपेक्षा काही बाबतींत सरस ठरली. तपासलेली बाळं थोडीच होती, त्यामुळे लगेच ढोल बडवायला नको. पण त्यांच्या आजीच्या घरी चुलीपाशी बसून पाळीची तारीख विचारणारी वही पहिल्यांदा उघडली, तेव्हा या बाळांच्या आयांचा जन्मही झालेला नव्हता.